दोन टिपणांमधले गद्रे

एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर बसून, एकाच माणसाबद्दल मी दोन सरकारी टिपणं लिहिली. पहिल्या टिपणात लिहिलं की हा माणूस आपला आहे, म्हणून जर्मनांचा कायदा त्याला लागू होत नाही. दुसऱ्यात लिहिलं की हा माणूस इथला आहे, म्हणून आपल्या सवलती त्याला लागू होत नाहीत. दोन्हींत नियमांचे क्रमांक बरोबर होते. इंग्रजीत खोट नव्हती. दोन्हींवर साहेबांची सही झाली.

त्या माणसाचं नाव गद्रे. ही माझी चूक झाली असं मी बरीच वर्षं स्वतःशी म्हणत आलो. पण चूक नकळत होते. ही मी समजून केली, आणि का करतोय तेही मला त्याच वेळी ठाऊक होतं. गद्र्यांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढे मी त्यांचं जे कौतुक करणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की आम्ही मित्र होतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आपल्याकडच्या कारखान्यांसाठी जर्मन यंत्रं विकत घेणारं एक सरकारी कार्यालय तेव्हा फ्रँकफर्टला होतं. त्याचं नाव इथे घेत नाही. दोन भाड्याचे मजले, बाहेर छोटा तिरंगा, आत आठ-दहा माणसं. मी मुंबईहून बदलून हेडक्लार्क म्हणून गेलो होतो. मला राहायला घर होतं, बायको आणि मुलीसकट सगळ्यांचं औषधपाणी ऑफिसकडे होतं, तीन वर्षांनी घरी जायचं बोटीचं तिकीटही होतं. गद्रे मात्र 'स्थानिक भरती'चे. त्यांना पगार होता आणि एक खुर्ची होती. ते मूळचे सांगलीचे. डॉक्टरेटसाठी डार्मश्टाटला आले, त्यांचे प्रोफेसर अर्ध्यात वारले, प्रबंध तिथेच थांबला, आणि भाषांतर करायला व यंत्रं तपासायला माणूस हवा म्हणून आमच्या कार्यालयाने त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

आमचं कार्यालय परक्या सरकारचं, त्यामुळे जर्मन कायदा आमच्या दारातल्या पायपुसण्यापर्यंत येऊन थांबे. आत आमचे नियम. बाहेर गद्रे भाडं भरत, ट्रॅमने जात, पाव विकत घेत. आत आले की ते कुठल्या देशात असत, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. त्यांच्यासकट कुणाला ते ठरवायची गरज वाटली नव्हती.

माणूस उंच आणि काटकुळा. मान लांब. अंगात एक जुना ओव्हरकोट, कुणा विधवेने नवऱ्याचा म्हणून दिलेला, खांद्यांना दोन बोटं जास्तच. त्या कोटाच्या उजव्या खिशात फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर आणि डाव्या खिशात रिकाम्या काड्यापेट्या. कारखान्यात यंत्र तपासून झालं की त्या यंत्राने काढलेला पोलादाचा एखादा कीस ते काड्यापेटीत ठेवत आणि वर पेन्सिलीने यंत्राचा नंबर लिहीत. निळसर, तांबूस, केसासारखे वळलेले कीस. त्यांच्या टेबलाच्या खणात अशा शंभरेक काड्यापेट्या होत्या. मी एकदा विचारलं, "याचं काय करणार?"

"काही नाही," ते म्हणाले. "यंत्राची सही आहे ती. माणूस सही करतो ते वाचून कळत नाही तो कसा आहे. हे बघून कळतं."

सकाळी ऑफिसात आले की सगळ्यांशी हात मिळवत. साहेबांशी, टायपिस्टशी, जिना पुसणाऱ्या फ्राऊ क्लाइनशी. बाईंचा हात ओला असे, तर त्या मनगट पुढे करत, आणि गद्रे मनगट हलवून पुढे जात. तिथले सगळेच हात मिळवतात, पण गद्र्यांना ते मनापासून आवडे. त्यांना कारखान्यांतून सगळे 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. डॉक्टरेट झालेली नव्हती. दर वेळी ते तेवढ्याच तत्परतेने म्हणत, "नॉख निश्ट." अजून नाही. एका दिवसात सहा वेळा म्हणताना मी ऐकलंय. समोरचा हसे, आणि पुन्हा 'हेर डॉक्टर'च म्हणे.

माझी पत्रं जर्मनमध्ये करण्यासाठी त्यांच्याकडे जात. माझ्या सरकारी इंग्रजीचा मला अभिमान होता. गद्रे मसुदा वाचत, पेन्सिल कानावरून काढत, एखाद्या वाक्याखाली रेघ मारत आणि समासात एकच शब्द लिहीत. 'सैल'. नट सैल आहे म्हणावं तसं. मग माझ्याकडे येऊन सांगत, "जोगळेकर, हे वाक्य हलतंय. काय म्हणायचंय नेमकं? आल्झो, तर मग, तेवढंच म्हणा."

मला ते आवडत नसे. पण त्यांनी घट्ट केलेलं वाक्य जास्त चांगलं असे, आणि ते तर त्याहून आवडत नसे.

एकदा माइन नदीच्या काठच्या एका कारखान्यात लेथ ताब्यात घ्यायला आम्ही दोघं गेलो. ताबापत्र तीन प्रतींत भरायचं काम माझं. तिथला मुख्य कारागीर, मास्टर म्हणत त्याला, साठीच्या घरातला, पांढऱ्या मिशा, यंत्रावर त्याचा जीव. गद्र्यांनी स्पिंडलला, म्हणजे फिरत्या दांड्याला, डायल गेज लावलं, काटा बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाले की स्पिंडल किंचित हलतोय, असं यंत्र घेता येणार नाही. मास्टरचा चेहरा लाल झाला. चाळीस वर्षं आपण यंत्रं बनवतोय, असं काहीतरी तो म्हणाला. मला वाटलं आता भांडण होणार. गद्र्यांनी गेज काढलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "तुम्हीच बघा. माझा हात थंडीने थरथरतोय."

मास्टरने तीनदा मापलं. मग डोक्यावरची टोपी काढली, यंत्रावर खडूने फुली मारली आणि गद्र्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "हेर डॉक्टर," तो म्हणाला.

"नॉख निश्ट," गद्रे म्हणाले.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "तुमचा हात थरथरत नव्हता. मी बघत होतो."

"नव्हता. पण त्याला खाली उतरायला शिडी नको का?"

निघताना मास्टरने माझ्याकडे बघून हे कोण म्हणून विचारलं होतं, आणि गद्र्यांनी सांगितलं होतं, "हेर जोगळेकर. यांच्या कागदाशिवाय तुमचं यंत्र जागचं हलत नाही." त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो, पण ते मला घरापर्यंत झोंबत राहिलं. तीन प्रती भरणारा माणूस मी, आणि माझी किंमतसुद्धा मला याच्या तोंडून मिळायची.

घरीही तेच. आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, फ्राऊ लिंडनर. फोडणीचा वास जिन्यातून खाली गेला की ती वर येऊन दार वाजवायची. माझी बायको मालती रडकुंडीला आली. मी कडक पत्र लिहायच्या विचारात होतो. मालती म्हणाली, "गद्रे भाऊजींना विचारा ना एकदा."

भाऊजी आले. आधी खाली जाऊन तासभर बसले. वर आले ते एक कागद घेऊन. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी फ्राऊ लिंडनर चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जाते. त्या वेळात हिंग, मोहरी, लसूण, काय हवं ते. शनिवारी ती आंबट कोबी शिजवते, तेव्हा आम्ही तक्रार करायची नाही. एरवी फोडणी झाकण ठेवून. खाली फ्राऊ लिंडनरची सही होती. गद्र्यांनी मालतीची सही घेतली आणि कागद जिन्यात घराच्या नियमांच्या पाटीशेजारी लावला.

"सही?" मी म्हटलं. "फोडणीवर?"

"अहो, इथे तोंडी सांगितलेलं खरं धरत नाहीत. लिहून लावलं की देवाचं वाक्य." मग मालतीकडे वळून, "वहिनी, मंगळवारी आमटी. मी येतो तपासणीला."

मालती हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. गैर काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. काही गैर असतं तर राग तरी धरता आला असता. ते चुलीपाशी उभं राहून तिला पावाच्या दुकानात काय म्हणायचं ते शिकवत, मुलीला आगगाडीच्या डब्यांची नावं सांगत, त्यांच्यासाठी आणलेली खुर्ची माझ्याकडे सरकवून स्वतः स्टुलावर बसत. मी माझ्याच घरात मान देऊन बसवलेला पाहुणा झालो होतो.

त्यांच्याजवळ काही नव्हतं. घर नाही, बोटीचं तिकीट नाही, पदवीसुद्धा नाही. माझ्याकडे नियमांत बसणारं सगळं होतं. आणि हेवा मला त्यांचा वाटत होता.

मग त्यांना खोकला लागला.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. उन्हाळा संपेपर्यंत खोकला इतका वाढला की भाषांतर करताना ते खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. जुन्या न्यूमोनियाने डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग खराब झाला होता. पसरणारा रोग नव्हता. टाउनसच्या डोंगरात एक आरोग्यधाम होतं, तिथे हिवाळ्याआधी जाऊन चार-पाच महिने राहिलं तर तो भाग वाचेल, नाहीतर पुढे कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिथे पलंग सांगून ठेवला. ऑक्टोबरअखेरपर्यंत ते तो राखून ठेवणार होते.

जर्मनीत प्रत्येक नोकरदाराकडे तेव्हा क्रांकनशाइन नावाचा कागद असे, दर तिमाहीला एक. तो डॉक्टरच्या टेबलावर ठेवला की उपचारांचं पुढचं सगळं विमा मंडळ बघे. गद्र्यांकडे तो नव्हता, कारण आमच्या कार्यालयाने त्यांचं नाव कुठल्याच विमा मंडळात घातलं नव्हतं. आपल्या खिशातून आरोग्यधामात राहणं त्यांच्या पगाराबाहेरचं होतं. फ्राऊ क्लाइन इमारतीच्या मालकाची नोकर, तिच्याकडे कागद होता. तिने तो एप्रनच्या खिशातून काढून गद्र्यांपुढे धरला. "माझा घ्या," म्हणाली. "या तिमाहीत मला आजारी पडायचं नाहीये."

गद्र्यांनी तिच्या मनगटाशी हात मिळवला आणि कागद परत तिच्या खिशात घातला.

ते विमा मंडळात गेले. तिथला कारकून भला माणूस होता. म्हणाला, तुमच्या ऑफिसला आम्ही काही विचारू शकत नाही, ते परक्या सरकारचं आहे. पण त्यांनी आपणहून एक ओळ लिहून दिली, की या माणसाची नोकरी इथल्या कायद्याखाली आहे, तर मी तुमचं नाव लगेच घालतो. एक ओळ आणि शिक्का.

गद्र्यांनी अर्ज केला. अर्जात दोन मागण्या होत्या. ती एक ओळ द्यावी. ती देता येत नसेल तर भारतातून आलेल्या माणसांना मिळते तशी औषधोपचाराची सवलत द्यावी. दोन्हींपैकी एक. अर्ज साहेबांकडे गेला. आमचे साहेब, नायरसाहेब, सज्जन पण भित्रे. त्यांनी अर्जाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, 'याला मदत करता येणार नाही का?' आणि अर्ज माझ्याकडे आला.

सरकारी कचेरीत काम न केलेल्यांना हे सांगायला हवं. तिथे साहेब मत देत नाहीत, प्रश्न विचारतात. उत्तर कारकून लिहितो. त्याला टिपण म्हणतात. टिपणाखाली साहेब सही करतात, आणि मग ते साहेबांचं मत होतं. पुढे काही झालं तर टिपण कुणी लिहिलं ते कुणी विचारत नाही. मोठमोठे निर्णय अशा माणसांनी घेतलेले असतात ज्यांचं नाव कुठेच येत नाही.

अर्ज टेबलावर ठेवून त्या दिवशी मी घरी गेलो. मालती खिडकीशी बसून विणत होती. राखाडी लोकर. ती तिने माझ्या स्वेटरसाठी घेतली होती, हे मला माहीत होतं, कारण रंग मी निवडला होता.

"इतका अरुंद?" मी विचारलं.

"मफलर आहे. भाऊजींना. किती खोकतायत हो. गळा उघडा टाकून फिरतात." तिने मान वर केली नाही. "तुमचा नंतर करते. तुमच्याकडे आहे एक."

दुसऱ्या दिवशी मी पहिलं टिपण लिहिलं. श्री. गद्रे हे भारतीय नागरिक असून त्यांची नेमणूक या कार्यालयाच्या नियमांनुसार झाली आहे, मागितलेलं प्रमाणपत्र देणं म्हणजे या कार्यालयावर स्थानिक कायद्याची सत्ता मान्य करणं होईल, आणि तो पायंडा पडेल. वाक्य लांब होतं. त्यात चार कलमं आली होती.

साहेबांनी ते वाचलं. त्यांच्या हातात पेन होतं. मी टेबलासमोर उभा होतो.

"जोगळेकर," ते म्हणाले, "एका ओळीने काय बिघडतं? बिचारा मरेल. देऊन टाकू या."

त्यांनी दुसरा कोरा कागद पुढे ओढला होता. मी गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. तेवढंच करायचं होतं.

मी म्हटलं, "सर, आज एक ओळ. उद्या त्यांचे तपासनीस आत येतील. दिल्लीहून विचारणा होईल, ही ओळ कुणी दिली?"

'दिल्ली' ऐकल्यावर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग उघडून माझ्या टिपणाखाली सही केली. "मग निदान आपली सवलत?" त्यांनी विचारलं. "बघतो सर," मी म्हटलं. आणि तीन दिवसांनी दुसरं टिपण नेलं, की ती सवलत भारतातून पाठवलेल्यांसाठी आहे, श्री. गद्रे हे स्थानिक भरतीचे आहेत.

विमा मंडळाला नकाराचं पत्र पाठवायचं होतं. ते जर्मनमध्ये जायला हवं. भाषांतर करणारा माणूस कार्यालयात एकच होता.

मी मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. गद्र्यांच्या गळ्यात राखाडी मफलर होता. त्यांनी वाचलं. खुर्ची भिंतीकडे फिरवून खोकले, परत फिरवली, पुन्हा वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढून एका लांब वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'सैल'.

"हे बघा," ते म्हणाले. "'देणे बहुधा उचित ठरणार नाही असे दिसते.' असं नको. नाही म्हणायचं तर नीट नाही म्हणू या. नाहीतर तो कारकून बिचारा आशेवर राहील, दर आठवड्याला फोन करेल. चांगला माणूस आहे." आणि त्यांनी जर्मनमध्ये लिहिलं, प्रमाणपत्र देता येत नाही. तीन-चार शब्दांत. मी लिहिलं होतं त्यापेक्षा ते किती तरी पक्कं होतं.

कागद माझ्याकडे देताना म्हणाले, "साहेब सांगत होते, तुम्ही माझ्यासाठी दोन-दोन टिपणं लिहिलीत. नियमांपुढे तुमचं तरी काय चालणार. आभारी आहे, जोगळेकर."

मी म्हटलं, "असू दे."

एवढंच म्हणालो. "असू दे."

ऑक्टोबर संपला, पलंग दुसऱ्या कुणाला गेला. जानेवारीत एका कारखान्याच्या आवारात, बर्फात, गद्रे कोसळले. डार्मश्टाटच्या त्यांच्या जुन्या मित्रांनी धावपळ करून इस्पितळात घातलं. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढला. मालती रोज जायची, मी दोनदा गेलो. मित्रांनी मजूर न्यायालयात दावा लावला. त्याचं समन्स आमच्या दाराशी आलं, आणि हे कार्यालय आपल्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही असा शेरा मारून मी ते न उघडता परत पाठवलं. पुन्हा पायपुसण्यापर्यंतच.

बरे झाल्यावर गद्र्यांनी आमची नोकरी सोडली आणि र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात मापन विभागात लागले. तिथून मला कार्ड आलं. 'पहिल्या दिवशी यंत्र दाखवायच्या आधी विम्याचा फॉर्म भरून घेतला. आता आजारी पडायला हरकत नाही. वहिनींना नमस्कार. मंगळवारची आमटी चालू आहे ना?'

आम्ही मुंबईला परत आलो. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. मालती ते मोठ्याने वाचायची आणि मी पेपर वाचत असल्यासारखं करायचो. पाचेक वर्षांनी खात्याने मला तीन आठवड्यांसाठी पुन्हा फ्रँकफर्टला पाठवायचं ठरवलं. मालती म्हणाली, "भाऊजींना भेटालच." तेव्हा, बॅग भरता भरता, मी तिला सगळं सांगितलं. मफलरसुद्धा सांगितला.

ती आठ दिवस जेवायला वाढत होती, पण बोलत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी तिने बॅगेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. नवीन मफलर, राखाडीच.

"हा द्या त्यांना," ती म्हणाली. "पण आधी सांगा. मग द्या. उलट नको."

र्युसेल्सहाइमच्या स्टेशनवर गद्रे न्यायला आले होते. तोच ओव्हरकोट, आता चार बोटं मोठा. केस पांढरे झाले होते. हात मिळवला तो मात्र तसाच, घट्ट. वाटेत ते एक वाक्य बोलत, मग थांबत, मग दुसरं बोलत. त्यामुळे सगळी वाक्यं आपोआप छोटी झाली होती.

त्यांची खोली चौथ्या मजल्यावर. "चौथ्या?" मी म्हटलं.

"वर उजेड आहे," ते म्हणाले. "काड्यापेट्या... बघायला... उजेड लागतो."

पहिल्या मजल्यावर ते थांबले, कठडा धरून. खांदे वर-खाली होत होते. "माप घेतोय," म्हणाले. दुसऱ्यावर पुन्हा थांबले. तिथे वरून एक शेजारी उतरत आला, त्याने टोपीला हात लावला. "गूटन टाग, हेर डॉक्टर."

मी वाट बघितली. 'नॉख निश्ट' ऐकायला मी इतका तयार होतो की ते दोन शब्द माझ्याच तोंडात आले. गद्र्यांनी फक्त हात वर केला. शेजारी निघून गेला.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कठड्यावर कपाळ टेकलं. त्यांना बोलता येत नव्हतं. मला कळलं की बोलायचं तर आत्ताच, ते मला थांबवू शकत नाहीत तोवर. वर गेलो की चहा होईल, काड्यापेट्या निघतील, वहिनींची चौकशी होईल, आणि मी म्हणेन, असू दे.

मी बोलायला लागलो. म्हणालो की त्या वेळची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे, साहेबांचा स्वभाव, दिल्लीचा धाक, नियम तसे होते, तरीही मला असं वाटतं की माझ्या हातून कदाचित काही अंशी अन्याय झाला असावा, आणि त्याबद्दल मला कायम एक प्रकारची खंत...

त्यांनी कपाळ उचललं नाही. फक्त एक हात पुढे आला, हवेत थांबला, पेन्सिल धरल्यासारखी बोटं जुळली. श्वास गोळा करून ते एकच शब्द म्हणाले.

"सैल."

जिन्यात खालून कुणाच्या तरी स्वयंपाकाचा वास येत होता. मी मफलरचं पुडकं काखेत धरून उभा होतो.

"साहेब ती ओळ देणार होते," मी म्हटलं. "मी देऊ दिली नाही. मला तुमचा हेवा वाटत होता. मला माफ करा."